म्हातारपणी झोप कमी लागते? हा समज चुकीचा आहे

"वय झालं की चार-पाच तास झोप पुरे, बाकी दिवसभर पडून आराम करावा," हे सोलापुरात घरोघरी ऐकू येतं. यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

पासष्टीनंतरही साधारण 7 ते 8 तास झोप लागतेच. गरज फारशी घटत नाही. सलग, गाढ झोपण्याची क्षमता घटते. झोप-जाग ठरवणारं शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागात असतं आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज वेळ जुळवतं. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, या घड्याळाला लागणारा निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. त्यात आजोबा दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, तर या घड्याळाला दिवस-रात्र कळणार कशी? मग दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जाग.

मनगटावरच्या यंत्राने हालचाल मोजणाऱ्या अभ्यासांत, ज्यांची झोप-जागेची लय अशी विस्कटलेली होती त्या वृद्धांमध्ये स्मरणशक्तीची घसरण आणि अल्झायमर जास्त आढळला. पण आजाराची सुरुवातही लय बिघडवते. म्हणून 'डुलकीने विस्मरण होतं' असं कृपा करून पसरवू नका. अर्ध्या तासाची वामकुक्षी खुशाल घ्यावी.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपार जातो, तेव्हा दुपारी घरात थांबणंच योग्य. सकाळी लवकर मात्र सिद्धेश्वर तलावाकाठी चालता येतं. गुडघे साथ देत नसतील तर खुर्ची अंगणात टाका. दिवसाची झोप अचानक वाढली, तर डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.