बोचरा विनोद व विनोदकाराचे चारित्र्य (गोमंतक)

रंगमंचावरून श्रोत्यांना, गावच्या प्रतिष्ठितांना, एखाद्या जातीला किंवा प्रत्यक्ष देवादिकांना टोचून बोलणारा विनोद आणि तो करणाऱ्याचे रंगमंचाखालचे वागणे यांचा परस्परसंबंध. स्टँडअप कॉमेडीमुळे हा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला असला, तरी गोमंतकात तो बराच जुना आहे. पेडण्याच्या दशावतारातला संकासूर, सत्तरीचे रणमाले हे लोकनाट्य, गावडा व पेरणी समाजांचे जागर, सासष्टीतले कार्निव्हालचे खेळ आणि तियात्रातील (कोकणी संगीतनाट्यातील) कांतारे म्हणजे गाणी या सगळ्यांत वर्मावर बोट ठेवण्याची मुभा नटाला मिळत आली आहे. कांतारे सोडली तर ही मुभा नटाला माणूस म्हणून मिळत नाही. ती सोंगाला, त्या रात्रीला आणि देवळापुढच्या मांडाला, म्हणजे खेळाच्या पवित्र जागेला, असते. स्टँडअपमध्ये सोंग नसते. माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत उभा राहून ‘मी’ म्हणतो. दोन्ही प्रकारांतील वादांचे स्वरूप त्यामुळे वेगळे होते.

नटाच्या चारित्र्याविषयीचा संशय शास्त्रग्रंथांत लवकर आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्राच्या (सामान्यतः इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या दरम्यानचे मानले जाते) अखेरच्या भागात भरतपुत्रांची कथा आहे. विद्येच्या मदाने त्यांनी ऋषींची टवाळी करणारी प्रहसने रचली आणि ऋषींनी त्यांना शाप देऊन त्यांचा दर्जा खाली आणला, असे ती सांगते. आक्षेपार्ह विनोद आणि त्याची शिक्षा यांचा आपल्याकडचा हा कदाचित सर्वांत जुना लिखित दाखला. मनुस्मृतीने (८.६५) साक्षीला न घेण्याच्या लोकांत कुशीलवांची म्हणजे नटांची गणना केली आहे. रंगावर खोटे बोलणारा रंगाबाहेरही खोटेच बोलेल, असे त्यामागचे गृहीत असावे. टीकाकारांनी मात्र नटाच्या व्यवसायातील व्यग्रतेसारखी सौम्य कारणेही पुढे केली आहेत.

संकासूर : दशावताराच्या पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात, गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती व ब्रह्मदेव येऊन गेल्यावर वेद पळवणारा संकासूर अवतरतो. काळा पोशाख, तोंड झाकणारा काळा मुखवटा आणि लोंबती लाल जीभ असे त्याचे ध्यान. बाकीची पात्रे ग्रांथिक मराठीत बोलतात, हा मात्र गावच्या बोलीत बोलतो. सूत्रधाराची भूमिका करणाऱ्या नाईकाशी त्याची जी उलटसुलट जुंपते, तिच्यात गावचे रस्ते, निवडणुका, देवस्थानचे हिशेब, कुणाचे लग्न मोडले आणि कुणी दारू सोडली, हे सगळे येते. विष्णूने त्याचा वध केला की ही सूट संपते. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र जागच्या जागी. त्यामुळे संकासूर नेमके काय बोलला याचा पुरावा दुसऱ्या दिवशी कुणाकडेच नसे, आणि तक्रारीला आधार उरत नसे.

प्रयोगाआधी गाऱ्हाणे घातले जाते व चुकलेमाकले देवाने पदरात घ्यावे, अशी विनवणी होते. माफी आधी, अपराध नंतर, असा हा क्रम आहे. कंपनीच्या पेटाऱ्यातील मुखवट्यांची पूजा होते, तीही नट रंगायच्या आधी. या विधींमुळे बोलण्याची जबाबदारी काही अंशी देवावर जाते, असे म्हणता येईल. नटाचे खासगी वर्तन मात्र या हिशेबात येत नाही. पिऊन उभा राहिलेला, उचल घेऊन कंपनी सोडलेला किंवा घरी मारहाण करणारा नट असला, तर त्याचा न्याय कंपनीचा मालक, घरचे नाहीतर गाव करी. मालक त्याची ‘नाईट’ म्हणजे रात्रीचे मानधन कापी. म्हणून त्याने केलेला संकासूर वाईट होता असे कुणी म्हणत नसे.

उगमाचा प्रश्न : दशावतार कोकण-गोमंतकात कधी आला, यावर मतभेद आहेत आणि संकासुराच्या सवलतीचे वय त्यावरच अवलंबून असल्याने ते येथे थोडे विस्ताराने पाहणे भाग आहे. प्रचलित मतानुसार राजापूरजवळील आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे यांनी १७२८च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून आणला. तिकडच्या यक्षगान या नृत्यनाट्याशी असलेले साम्य (पूर्वरंगातला गणपती, चेहऱ्याची रंगभूषा, युद्धनृत्ये) या मताला बळ देते. परंतु समर्थ रामदासांच्या दासबोधात (दशक ६, समास ८) दशावतारी खेळातील सुंदर स्त्रियांचा उल्लेख असून ‘परी ते अवघे धटिंगण’ अशी त्याची अखेर आहे. रामदासांचे निर्वाण १६८१-८२चे. म्हणजे निदान पन्नासएक वर्षे आधी दशावतारी खेळ मराठी श्रोत्याला इतका परिचित होता की दृश्याच्या मिथ्यत्वाचा दृष्टांत म्हणून तो सहज वापरता यावा. १७२८ हे वर्ष त्यामुळे उगमाचे धरता येत नाही. संघटित कंपनीचे किंवा आख्यानाच्या नव्या बांधणीचे धरता येईल.

अर्थात ही ओवी कोकणाचे नाव घेत नाही आणि संकासुराचेही नाही. तिच्यावरून एवढेच सिद्ध होते की पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन केलेले दशावतारी खेळ सतराव्या शतकात होत. काही अभ्यासक संकासुराचे मूळ देवळांतील लळिताच्या, म्हणजे उत्सवाच्या अखेरच्या खेळाच्या, सोंगांत शोधतात. लळितात वासुदेव, गोंधळी यांसारखी सोंगे येऊन आपापल्या धंद्याची आणि गावाची थट्टा करीत, आणि शेवटी देवाकडे मागणे मागितले जाई. तिसरे मत असे की रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांतला संकासूर, गोव्यातल्या काल्यातला संकासूर आणि शिमग्यात दारोदार फिरणारे सोंग ही एकाच जुन्या मुळाच्या फांद्या असून वेदचोर शंखासुराची पुराणकथा त्यांना मागाहून जोडली गेली. पुरावा अपुरा आहे. तरी पूर्वरंग जुना व स्थानिक, आख्यानाचा उत्तररंग नंतरचा, हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. कारण साधे आहे : आख्याने बदलतात, नवी येतात, पूर्वरंगाचा क्रम मात्र कंपन्या सहसा मोडत नाहीत.

राजवट व भूगोल : गोव्यात असा विनोद कोठे टिकला, हे बरेचसे पोर्तुगीज सत्तेच्या विस्तारावरून ठरले. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींत (आधी जिंकलेल्या मुलखांत) इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचा, अंमल कडक होता. १४ एप्रिल १७३६च्या जाहीरनाम्याने लग्नातील ओव्यांसह अनेक स्थानिक चालीरीतींवर बंदी घातली. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आले ते १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील देवस्थानांना फारसा धक्का लावण्यात आला नाही. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. आजही दशावतार पेडण्यात जितका रुजलेला दिसतो तितका सासष्टीत दिसत नाही, याचे एक कारण हे.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात नाटक-तियात्रांच्या संहिता आधी तपासणीसाठी द्याव्या लागत. संहिताच नसलेला संकासूर या चाळणीतून सुटत असणार, असा तर्क करता येतो. त्याला कागदोपत्री आधार अद्याप पुढे आलेला नाही. जागरात फिरंगी राजाचे पात्र येते, एवढे मात्र नोंदलेले आहे.

तियात्र : पहिले तियात्र गोव्यात नव्हे, मुंबईत झाले : लुकाझिन रिबेर यांचे, १७ एप्रिल १८९२ रोजी. अंकांच्या मध्ये येणारी कांतारे ही त्यातली टोचणारी बाजू. गायक पडद्यापुढे येतो, सूट-टाय घालून, स्वतःच्या नावाने, आणि मंत्र्यांपासून शेजाऱ्यापर्यंत कुणालाही गाण्यातून झोडपतो. मुखवटा येथे नाही, म्हणून आजच्या स्टँडअपचा जवळचा नातेवाईक शोधायचाच तर तो संकासुरापेक्षा कांतारकार ठरेल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाच्या वेळी विलीनीकरणविरोधी प्रचारात कोकणी गाण्यांचा मोठा वाटा होता. विलीनीकरणवादी मराठी वाचकांना ती गाणी तेव्हा बोचलीच, हे मान्य करायला आता हरकत नसावी. कांतारकाराने एखाद्या राजकीय पक्षाकडून काय घेतले, ही चर्चा तियात्राच्या श्रोत्यांत नेहमीची आहे. गाणे आणि गाणारा यांचा हिशेब तेथे एकत्र होतो तो असा.

स्त्री कलावंत : चारित्र्य हा शब्द गोमंतकीय रंगभूमीत पुरुष विनोदकारापेक्षा स्त्रियांसंबंधी अधिक वापरला गेला. देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातील स्त्रीने कितीही सोज्ज्वळ पद म्हटले तरी तिच्या खासगी आयुष्याची चौकशी व्हायची. शिवराळ संकासूर सकाळी शेतावर जायचा आणि त्याला कुणी काही विचारत नसे. दशावतारात स्त्रीपार्टी पुरुषच करीत आले. तियात्रात १९०४ मध्ये रेजिना फेर्नांदिस रंगमंचावर आल्या, त्या नाटककार जुआंव आगुस्तीन फेर्नांदिस यांच्या पत्नी होत्या. पतीचेच नाटक असल्याने ते शक्य झाले, असे समजण्यास जागा आहे.

स्टँडअप : या प्रकारात बोलणे व वागणे यांची सांगड कशी घातली जाते, याची टोकाची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत. लेनी ब्रूस यांना १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लील बोलण्याबद्दल अटक झाली आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९६६ मध्ये ते वारले व २००३ मध्ये, मरणोत्तर, त्यांना माफी मिळाली. त्यांचा गुन्हा शब्दांचा होता. बिल कॉस्बी यांनी उलट आयुष्यभर सोवळा, घरगुती विनोद केला आणि शिवराळ विनोदकारांना उपदेशही केला. २०१८ मध्ये ते लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरले. प्रक्रियेतील दोषामुळे पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २०२१ मध्ये रद्द केला. घाणेरडा बोलतो तो घाणेरडा वागतो, हा समज या जोडीने बराच खिळखिळा केला. त्याउलट लुई सी. के. यांचे प्रकरण. आपल्याच विकारांवर विनोद करणाऱ्या या कलावंताने २०१७ मध्ये स्त्रियांनी केलेले आरोप खरे असल्याचे कबूल केले आणि त्याच्या जुन्या विनोदांकडे लोक कबुलीजबाब म्हणून पाहू लागले.

भारतात ऑल इंडिया बकचोद या मंडळीचा वरळीचा ‘रोस्ट’ म्हणजे जाहीर खिल्लीचा कार्यक्रम (डिसेंबर २०१४) शिव्यांमुळे गाजला, त्यावर गुन्हे नोंदले गेले, तरी मंडळी टिकली. ती मोडली ऑक्टोबर २०१८ मध्ये, मी-टू चळवळीत तिच्याशी संबंधितांवर झालेल्या आरोपांमुळे आणि ते माहीत असूनही गप्प राहिल्याच्या ठपक्यामुळे. शब्दांनी जे झाले नाही ते वागण्याने झाले. मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरला अटक झाली, ती मुख्यतः पूर्वीच्या विनोदांच्या रागातून. महिनाभराहून अधिक काळ ते तुरुंगात होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांचा गोव्यातला ठरलेला प्रयोग विरोधामुळे रद्द झाला. येथे कलावंताने त्या रात्री काय म्हटले असते हा मुद्दाच नव्हता. तो कोण आहे हे आधीच ठरले होते. संकासुराच्या बाबतीत अशी पूर्वबंदी कल्पिताही येत नाही, कारण आत कोण आहे हे बघणाऱ्याच्या दृष्टीने गौण असते.

१८७६चा नाट्यप्रयोग कायदा अलीकडे रद्द झाला. आता असे खटले मुख्यतः भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १९६, २९६ व २९९ खाली येतात : अनुक्रमे समाजगटांत वैर वाढवणे, सार्वजनिक अश्लीलता आणि धार्मिक भावना दुखावणे. यांपैकी कोणतेही कलम विनोदकाराच्या खासगी वागण्याशी संबंधित नाही. ते काम समाजाने स्वतःकडे ठेवले आहे.

गोव्यात स्टँडअपचे प्रयोग पणजीतील कॅसिनो व क्लब आणि बार्देशची किनारपट्टी येथे होतात, बहुतेक इंग्रजी-हिंदीत व पर्यटकांसाठी. मराठी स्टँडअप पणजी, फोंडा, मडगावच्या नाट्यगृहांत मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर येते. गोमंतकीय मराठी श्रोता त्याला एकपात्रीच म्हणतो आणि शिवी आली की थोडा अवघडतो. तोच श्रोता पहाटे तीनला जत्रेत संकासुराच्या त्याहून जहाल वाक्याला पोट धरून हसतो. हा दुटप्पीपणा आहे की मांडाच्या मर्यादेचे भान, यावर मत देणे कठीण आहे. पण दुसरी शक्यता अधिक दिसते. दरम्यान दशावताराचीही स्थिती बदलते आहे. जत्रेतला संकासूर मोबाइलवर टिपला जातो, चार मिनिटांचा तुकडा कापून समाजमाध्यमांवर पडतो आणि खाली नटाचे पूर्ण नाव, कंपनी व गाव लिहिलेले असते. गाऱ्हाणे व संकासुराचा वध सहसा त्या तुकड्यात नसतात.