घरगुती स्टायलसची गरज पडली कशी?

टॅबलेटवर चित्र काढायचं पेन, म्हणजे स्टायलस, घरी करायची वेळ लोकांवर आली, ती पडद्याची जात बदलली म्हणून. १९९३चा अ‍ॅपल न्यूटन काय किंवा पाम कंपनीचा १९९६चा ‘पायलट’ काय, या हातात मावणाऱ्या दोन्ही संगणकांचे पडदे रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाचे होते. वरचा लवचीक थर दाबून खालच्या थराला टेकला की जागा नोंदली जायची. सोबतची काडी हरवली तरी नख किंवा रिफिल आत घेतलेलं बॉलपेन चालून जाई. आपल्याकडे ऑक्टोबर २०११मध्ये आलेला पहिला ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेटसुद्धा याच जातीचा. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण काडीच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नव्हता.

जानेवारी २००७मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी स्टायलसची चक्क खिल्ली उडवली. बोट असताना काडी कशाला, असा त्यांचा सवाल. २०१०च्या आयपॅडलाही आयफोनसारखाच कपॅसिटिव्ह, म्हणजे विजेच्या बदलावरून स्पर्श ओळखणारा पडदा आला. ते तंत्र मात्र नवं नव्हतं. ब्रिटनमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५मध्येच ते मांडलं होतं, तेही विमान वाहतूक नियंत्रणासाठी.

या पडद्याला दाब कळत नाही. काचेखाली पारदर्शक वीजवाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथलं विद्युतक्षेत्र बदलतं. प्लास्टिकने किंवा लाकडाने ते पुरेसं बदलत नाही, म्हणून कोरी काडी कितीही घासा, रेघ उमटत नाही. हातमोज्यांचीही तीच गत. २०१०च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक मोजे न काढता चक्क खाण्याच्या सॉसेजने फोन चालवत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मांस ओलसर, खारट, म्हणून वीजवाहक. गंमत सोडली तर घरगुती स्टायलसचं सगळं शास्त्र त्यात आलं.

मग चित्रं काढणाऱ्यांनी घरातलीच वस्तू शोधली. जुन्या पेनाच्या नळीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचं आणि टोकाला किंचित ओला केलेला कापसाचा बड बसवायचा. फॉइल बडला आणि बोटांना, दोन्हीकडे टेकलं पाहिजे. बहुतेकांचं पेन इथेच रुसतं. कापूस वाळला की रेघ तुटते, म्हणून आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) ज्यात खोचून येतात तो काळा वीजवाहक फोम बरा.

टोक अणकुचीदार करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. पडदा बोटाच्या मापाने बेतलेला, त्यामुळे चारपाच मिलिमीटरपेक्षा बारीक स्पर्श तो अनेकदा मोजतच नाही. जाड टोकाखाली रेघ झाकली जाते, ही चित्रकाराची खरी अडचण. बाजारातल्या काही पेनांनी टोकाला पारदर्शक चकती लावून ती सोडवली.

२०११च्या सॅमसंग गॅलक्सी नोट फोनमध्ये वॅकॉम या डिजिटल पेन बनवणाऱ्या कंपनीचं तंत्र आलं, २०१५मध्ये अ‍ॅपलनेही पेन्सिल काढली, आणि दाबानुसार रेघ जाड-बारीक होऊ लागली. पण त्यासाठी पडद्यामागे त्या पेनाला ओळखणारी यंत्रणा लागते. स्वस्त टॅबमध्ये ती बहुधा नसते. तिथे महागडं पेन आणूनही उपयोग नाही. फॉइल गुंडाळलेलं पेन मात्र चालतं. फक्त रेघेची जाडी अ‍ॅपमध्ये बदलावी लागते.