'सेट'चा पसारा

इंग्रजीतल्या 'सेट' या क्रियापदात अक्षरं तीनच: एस, ई, टी. 1989 साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तेव्हा त्या अवाढव्य कोशातली सर्वांत लांब नोंद या क्रियापदाची होती. अर्थ 430 च्या वर आणि नोंदीची लांबी सुमारे 60,000 शब्द. म्हणजे एका शब्दाचे अर्थ सांगण्यात मध्यम आकाराची कादंबरी खर्ची पडली. पुढे हा विक्रम 'रन'ने मोडला. नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने 'रन'वर नऊ महिने घालवले आणि क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ नोंदवले. 2011 मध्ये त्याची बातमीही झाली होती.

असे आकडे ऐकायला झकास वाटतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक पद्धतीचा आहे. काही शतकांपूर्वी वापरात असलेला आणि आता पार विसरलेला अर्थही त्यात राहतो. शिवाय 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट आउट', 'सेट असाइड' अशी सगळी बिऱ्हाडं त्याच नोंदीत नांदतात. याउलट प्रिन्स्टन विद्यापीठात 1985 पासून जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'वर्डनेट' या संगणकीय कोशात क्रियापद 'सेट'चे अर्थ 25 आहेत. शब्द तोच, पण एका कोशात चारशेतीस, दुसऱ्यात पंचवीस! एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, याची हद्द भाषेने आखून दिलेली नसते, ती कोशकार आखतो. कुणी बारीक चिरतो, कुणी जाड.

मग इतके अर्थ आले कुठून? 'सेट'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'सेटन' या क्रियापदात आहे आणि ते 'सिट'चं, म्हणजे बसण्याचं, प्रयोजक रूप आहे. बसणे म्हणजे 'सिट' आणि बसवणे म्हणजे 'सेट'. त्याच्याही मागे गेलं तर आदि-इंडो-युरोपीय भाषेतला 'सेद' हा धातू लागतो. संस्कृतातला 'सद्' त्याचाच वंशज, त्यामुळे आपले सदन, परिषद, सभासद, उपनिषद हे सगळे 'सेट'चे लांबचे भाऊबंद ठरतात.

आता मराठीतलं 'बसवणे' घ्या. आपण गणपती बसवतो, नळ बसवतो, अंगठीत खडा बसवतो, दात बसवतो, नाटक बसवतो, संसाराची घडी बसवतो आणि निखळलेलं हाडही बसवतो. इंग्रजीत निखळलेलं हाड 'सेट' करतात, अंगठीत हिरा 'सेट' करतात. आपला संगीतकार चाल बसवतो, त्यांचा कविता संगीतात 'सेट' करतो. खडा आणि हाड यांबाबत मराठीने इंग्रजीची उसनवारी केलेली नाही. बसवणे म्हणजे एखादी गोष्ट तिच्या जागी, हलणार नाही अशी ठेवणे. ही कल्पना हाताशी असली की हाडापर्यंत जायला फार कल्पकता लागत नाही, आणि दोन भाषा आपापल्या वाटेने तिथे पोचतात. अनेकार्थी शब्दांबद्दलची मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट हीच. अर्थांची ही गर्दी रस्त्यावरच्या गर्दीसारखी दिसते, पण तिला वाटा असतात. प्रत्येक नवा अर्थ जुन्या अर्थाच्या शेजारीच घर करतो.

वाटा सगळीकडे जुळत नाहीत, हेही खरं. सूर्य इंग्रजीत 'सेट' होतो, आपल्याकडे तो मावळतो. इंग्रजीत दही 'सेट' होतं, आपल्याकडे ते लागतं. इथे जरा थांबू, कारण पातळ पदार्थ 'सेट' होण्यामागचं रसायन पाहण्यासारखं आहे. दुधाला विरजण लावलं की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. आम्लता वाढत वाढत पीएच (आम्लतेचं माप, आम्लता वाढली की ते उतरतं) 4.6 च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार नाहीसा होतो. ते एकमेकांना चिकटून जाळं विणतात आणि पाणी त्यात अडकतं. सिमेंटमध्ये ना प्रथिनं, ना जिवाणू. तिथे कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी अभिक्रिया करतं आणि नव्या संयुगांचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंततात. बरं, इंजिनिअर मंडळींनी हा शब्द आणखी ताणून बसवला आहे. त्यांच्या लेखी 'सेट होणं' वेगळं आणि 'कठीण होणं' वेगळं. व्हिकॅट नावाच्या उपकरणाची सुई सिमेंटच्या लगद्यात सोडून ती किती खोल जाते हे पाहतात. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटचं प्राथमिक सेटिंग 30 मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंगला 600 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. सिमेंटची पूर्ण ताकद मात्र 28 दिवसांनी तपासतात. दही आणि सिमेंट यांच्या रसायनात काडीचं साम्य नाही. पण शब्दाला रसायनाशी देणंघेणं नसतं. सांडणारी वस्तू सांडेनाशी झाली, एवढंच त्याने पाहिलं.

इथवरचे सगळे अर्थ एका घरातले. पण चहाच्या कपांचा सेट, पुस्तकांचा सेट? या नामाच्या बाबतीत एक वेगळा प्रवाह येऊन मिळाला आहे. जुन्या फ्रेंचमधला 'सेत' हा शब्द लॅटिनच्या 'सेक्ता'वरून आला. सेक्ता म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. 'सेक्ट' हा इंग्रजी शब्दही तिथलाच. उच्चार जुळले, अर्थही एकमेकांत मुरले, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्याला त्यातली शिवण दिसत नाही.

असा योगायोग मराठीला नवा नाही. 'मान' घ्या. 'मान खाली घातली' यातली मान संस्कृत 'मन्या'वरून आली, 'मान दिला' यातला मान थेट संस्कृतातला. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, नातं काहीच नाही. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी पोरं देतात ती 'सेट' परीक्षा तर निव्वळ आद्याक्षरांची जुळणी. भाषाशास्त्रज्ञ हे दोन प्रकार वेगळे ठेवतात. एकाच मुळातून फुटलेले अर्थ असतील तर ती अनेकार्थता, आणि वेगवेगळे शब्द योगायोगाने एकसारखे दिसत असतील तर ते समरूप शब्द. हा भेद नुसता पंडिती नाही, मेंदूलाही तो जाणवतो. त्याकडे येतोच, पण त्याआधी एक प्रश्न उरतो: इतके अर्थ 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक' अशा साध्यासुध्या शब्दांच्याच वाट्याला का यावेत? 'ऱ्हायनॉसरस'च्या वाट्याला का नाहीत?

हार्वर्डच्या जॉर्ज किंग्जली झिफ यांनी 1945 मध्ये याचा हिशेब मांडला. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि हे नातं साधारणपणे वर्गमुळाचं. एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ सुमारे दहापट. झिफ यांच्या मते यामागे दोन ओढी आहेत. बोलणाऱ्याला वाटतं, थोडक्या शब्दांत भागावं. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द असावा. भाषा या दोघांच्या मध्ये कुठेतरी तडजोड करते.

2012 मध्ये स्टीव्हन पियान्टाडोसी, हॅरी टिली आणि एडवर्ड गिब्सन यांनी त्यापुढे जाऊन म्हटलं की अनेकार्थता हा भाषेचा दोष मानायचं कारण नाही, उलट त्यात काटकसर आहे. टेनिसच्या सामन्याविषयी बोलताना 'सेट' म्हटलं तर दह्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. संदर्भाने जे आधीच सांगून टाकलं आहे, ते शब्दाने पुन्हा कशाला सांगायचं? म्हणून आखूड, उच्चारायला सोपे शब्द पुन्हा पुन्हा नव्या कामाला जुंपले जातात. इंग्रजी, जर्मन आणि डच या तिन्ही भाषांत आखूड आणि जास्त वापरातल्या शब्दांचे अर्थ जास्त असल्याचं त्यांना दिसलं.

पण मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय होतं? डेव्हिड स्विनी यांचा 1979 सालचा प्रयोग इथे सांगायलाच हवा. त्यांनी 'बग' हा शब्द घेतला. त्याचा एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोन. माणसांच्या कानांवर हेडफोन लावून एक गोष्ट ऐकवली. सरकारी इमारत, खोलीचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात सापडलेले कोळी, झुरळं आणि इतर 'बग'. म्हणजे इथे किडेच अभिप्रेत आहेत, यात संशयाला जागाच ठेवली नव्हती. हा शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर काही अक्षरं झळकत. तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरांची जुळवाजुळव, हे बटण दाबून सांगायचं. झळकलेला शब्द 'मुंगी' असेल तर लोक झटपट बटण दाबत, यात नवल नाही. नवल हे की 'हेर' या शब्दालाही ते तितक्याच झटपट ओळखत आणि 'शिवणे' अशा असंबद्ध शब्दाला मात्र वेळ लागे. म्हणजे कोळी-झुरळांचा संदर्भ ढळढळीत समोर असतानाही मेंदूने हेरगिरीचा अर्थ उघडला होता. तोच प्रयोग वाक्य आणखी तीन अक्षरांएवढं पुढे सरकल्यावर केला, तेव्हा फक्त 'मुंगी'लाच फायदा उरला. निरुपयोगी अर्थ तोवर मिटलेला होता, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

या दृष्टीने पाहिलं तर बहुअर्थी शब्द म्हणजे डोक्याला ताप वाटावा. पण जेनिफर रॉड, गॅरेथ गॅस्केल आणि विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी 2002 मध्ये दाखवलं की इथे एकाच मुळातले आणि योगायोगाने जुळलेले अर्थ वेगळे वागतात. 'बार्क'सारखा शब्द, ज्यात झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं योगायोगाने एकत्र आलेत, तो ओळखायला लोकांना जास्त वेळ लागतो. ज्या शब्दांचे अर्थ अनेक पण एकमेकांशी नात्यातले, ते मात्र उलट लवकर ओळखले जातात. बिननात्याचे अर्थ एकमेकांशी स्पर्धा करतात, नात्यातले एकमेकांना हात देतात.

यंत्रांना मात्र या शब्दांनी बरीच वर्षं रडवलं. यंत्राकडून भाषांतराची कल्पना मांडताना वॉरन वीव्हर यांनी 1949 मध्येच म्हटलं होतं की एकटा शब्द पाहून अर्थ कळणार नाही, आजूबाजूचे काही शब्दही दिसायला हवेत. 1960 मध्ये येहोशुआ बार-हिलेल यांनी एका साध्या वाक्याने या उत्साहावर पाणी ओतलं: 'खोका पेनमध्ये होता.' इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलांना खेळायला सोडतात तो कठडाही. इथे शेजारचे शब्द फारसे कामी येत नाहीत. खोका लेखणीपेक्षा मोठा असतो, हे जगाचं ज्ञान लागतं, आणि ते यंत्राला कसं द्यायचं हे त्यांना अशक्यप्राय वाटलं.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं म्हटलं होतं. पुढे यंत्रांनी तेच सूत्र कोट्यवधी वाक्यांवर राबवलं. 2013 मध्ये गूगलच्या संशोधकांनी आणलेल्या 'वर्ड-टू-व्हेक' पद्धतीत प्रत्येक शब्दाला त्याच्या संगतीवरून आकड्यांची एक यादी मिळत असे. गोची अशी, की 'सेट'ला यादी एकच. टेनिस, हाड, सूर्य आणि चहाचे कप यांची त्यात भेळ होई. 2018 मध्ये आलेल्या 'बर्ट' या संगणकीय भाषा-प्रारूपात ही यादी वाक्यागणिक बदलू लागली. त्याच्या लहान आवृत्तीत प्रत्येक शब्दासाठी 768 आकडे असतात, आणि हाडाच्या वाक्यातल्या 'सेट'चे आकडे टेनिसच्या वाक्यातल्या 'सेट'पेक्षा वेगळे निघतात. अर्थांची यादी आधी करून मग निवडण्याऐवजी अर्थ जागेवरच जुळवायचा, असा हा प्रकार आहे. 'सेट'चे अर्थ 25 की 430, हा वाद त्यामुळे आपोआप बाजूला पडतो.

मराठीने 'सेट' उसना घेतला तो निवडून घेतला. टीव्हीचा सेट, नाटकाचा सेट, व्यायामाचे तीन सेट, ब्यूटी पार्लरमध्ये सेट केलेले केस. सूर्य मात्र आजही कुणाचा सेट होत नाही, कारण मावळायला आपल्याकडे आधीच शब्द आहे. 'पोरगा पुण्यात सेट झाला' यातला सेट बहुधा 'सेटल'चा आखूड झालेला अवतार असावा. तो शब्दही बसण्याच्याच कुळातला, त्यामुळे वंशावळ काही बिघडत नाही.

आणि मग आपली 'सेटिंग'. इंग्रजीत ती हिऱ्याची कोंदणं, गोष्टीची पार्श्वभूमी, यंत्राची जुळणी. फाइल अडली असताना 'काळजी नको, त्याची आत सेटिंग आहे' असं कुणी म्हणालं, तर लंडनच्या माणसाला त्यातलं काही कळणार नाही. हा अर्थ इकडेच रुजला, आणि रुजताना त्याने मराठी व्याकरणही उचललं. लिंग स्त्रीलिंगी, आणि क्रियापद 'लावणे'. पूर्वी वशिला लावत, आता सेटिंग लावतात. 'लावणे' तर काय, दही लावण्यापासून नंबर लावण्यापर्यंत कशालाही तयार.