तीन वाजेपर्यंतचे सौदे : एनएचएलच्या ट्रेड डेडलाइनमागचा इतिहास

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, मार्चच्या सुरुवातीला एक दिवस असा येतो की कॅनडातल्या क्रीडावाहिन्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरे काही दाखवतच नाहीत. बर्फावर खेळ चालू नसतो. चर्चा असते ती कोणता संघ कोणाला घेतोय आणि कोणाला सोडतोय याची. न्यूयॉर्क-टोरांटोच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले की खेळाडूंची दारे बंद : हीच ट्रेड डेडलाइन. त्यानंतर अदलाबदल झालीच, तर आलेला खेळाडू त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, उतरू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटेल. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पुढचा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी. एनएचएलमध्ये ८२ सामन्यांच्या हंगामातले साठहून अधिक सामने झालेले असतात, कोण कितपत पाण्यात आहे ते सगळ्यांना कळलेले असते, आणि नेमके तेव्हा खेळाडूंची देवघेव होते. ज्यांना कपाची, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या स्टॅनली कपाची, आशा आहे ते विकत घेतात. ज्यांची आशा संपली ते विकतात. विकणाऱ्यांना बदल्यात तरुण खेळाडू मिळतात, नाहीतर पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधले (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातले) निवडीचे हक्क, ज्यांना तिथे सरसकट ‘पिक’ म्हणतात.

दरवर्षी सर्वाधिक गाजावाजा होतो तो मोठ्या नावांचा. इतिहास मात्र दुसरेच सांगतो, आणि ते समजायला या खेळाची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सामन्याला वीस खेळाडू सज्ज असतात : दोन गोलरक्षक, सहा बचावपटू आणि आघाडीच्या बारा जणांच्या चार फळ्या. एक फळी पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर राहते, दमते, बाहेर येते. साठ मिनिटांच्या सामन्यात संघाचा हुकमी फॉरवर्डही वीस-बावीस मिनिटेच खेळतो. उरलेला वेळ इतरांचा. कपासाठी चार फेऱ्या, प्रत्येक फेरी जास्तीत जास्त सात सामन्यांची, चार जिंकणारा पुढे, एकूण सोळा विजय. एवढ्या लांबच्या वाटेवर तिसरी फळी लंगडी असेल तर पहिल्या फळीचे कौतुक पुरत नाही.

भविष्य विकून वर्तमान घेण्याची ही पद्धत रुळली ती मॉन्ट्रियल संघाची बांधणी करणारे जनरल मॅनेजर सॅम पोलॉक यांच्यामुळे, असे मला वाटते. लीगचा ड्राफ्ट सुरू झाला १९६३ मध्ये. त्याआधी क्लबच कोवळ्या वयातल्या मुलांना आपल्याशी बांधून घेत, त्यामुळे ‘पुढच्या वर्षीची निवड’ हे चलनच नव्हते. १९६७ मध्ये लीग एकदम सहाची बारा संघांची झाली. नव्या संघांना प्रेक्षक खेचण्यासाठी तयार, नावाजलेले खेळाडू हवे होते आणि ते मॉन्ट्रियलकडे भरपूर होते. पोलॉक यांनी उताराला लागलेले खेळाडू दिले आणि नव्या संघांच्या पिक गोळा केल्या. ओकलंडच्या संघाकडून त्यांनी १९७१ ची पहिल्या फेरीची निवड अशीच मिळवली होती. त्या हंगामात ओकलंड तळाला राहावा (म्हणजे ती निवड पहिल्या क्रमांकाची ठरावी) म्हणून त्यांनी जानेवारी १९७१ मध्ये राल्फ बॅकस्ट्रॉमला तळाजवळच्याच लॉस एंजेलिसकडे पाठवून त्या संघाला हात दिला, असे सांगितले जाते. हेतू काहीही असो, ओकलंड तळालाच राहिला आणि मॉन्ट्रियलला गी लाफ्लर मिळाला. सत्तरच्या दशकातले मॉन्ट्रियलचे साम्राज्य त्याच्या खांद्यावर उभे राहिले. तेव्हापासून पिक हा शब्द जनरल मॅनेजर मंडळी जपून उच्चारू लागली.

डेडलाइनच्या दिवसाला आजचे वजन आले ते १० मार्च १९८० ला. न्यूयॉर्क आयलँडर्स हा संघ जेमतेम आठ वर्षांचा. आदल्या हंगामात गुणतक्त्यात अव्वल, आणि प्लेऑफमध्ये शेजारच्या रेंजर्सकडून पराभूत. सर्वोत्तम सेंटर (फळीतला मधला खेळाडू) ब्रायन ट्रॉटिए त्यांच्याकडे होता, पण त्याच्या पाठीमागे दुसऱ्या फळीत तोलामोलाचा सेंटर नव्हता. प्रतिस्पर्ध्याने ट्रॉटिएला जखडले की संघ अडखळे. जनरल मॅनेजर बिल टॉरी यांनी लॉस एंजेलिसकडून बुच गोरिंगला आणले. ठेंगणा, चपळ, बचावात दक्ष. मोबदल्यात गेले बिली हॅरिस आणि बचावपटू डेव्ह लुईस. हॅरिस हा त्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेला अगदी पहिला खेळाडू, १९७२ चा. त्याला घालवताना टॉरी यांच्या जिवाची घालमेल झाली नसेल असे म्हणवत नाही.

गोरिंग आल्यावर उरलेल्या बारा साखळी सामन्यांत आयलँडर्स एकही हरले नाहीत. २४ मे १९८० ला ओव्हरटाइममध्ये बॉब नायस्ट्रॉमच्या गोलवर फिलाडेल्फियाला हरवून त्यांनी कप उचलला, आणि पाठोपाठ आणखी तीन. १९८१ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू गोरिंगच ठरला.

या सौद्याने सगळ्या लीगच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसवली : आपल्याकडे फक्त एक माणूस कमी आहे. दर मार्चमध्ये कोणीतरी ‘आपला गोरिंग’ शोधत असतो. मला ही समजूत अर्धी खरी वाटते. त्याच सुमारास, लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्ण जिंकून, बचावपटू केन मॉरो थेट आयलँडर्समध्ये आला होता. त्याच्यासाठी कोणालाही द्यावे लागले नव्हते, म्हणून डेडलाइनच्या कथांत त्याचे नाव मागे पडते. आणि ट्रॉटिए, माइक बॉसी, डेनिस पॉटविन, गोलरक्षक बिली स्मिथ हा गाभा टॉरींनी वर्षानुवर्षे खपून घडवला होता. गोरिंग बसला, कारण त्याच्यासाठी जागा नेमकी ठाऊक होती.

पुढच्या दशकात दोन सौदे असे झाले की त्यांच्यावरून आजही वाद घातले जातात. मार्च १९८८ मध्ये कॅल्गरीने तरुण ब्रेट हलला सेंट लुईसकडे धाडले आणि बचावपटू रॉब रॅमेज व गोलरक्षक रिक वॉमस्ली घेतले. हलने पुढे एका हंगामात ८६ गोल केले, कारकिर्दीत ७४१. नुसते आकडे पाहिले तर कॅल्गरीने हिरा मातीमोल विकला. पण १९८९ मध्ये कॅल्गरीने कप जिंकला, त्या शहराचा आजवरचा एकमेव, आणि त्यात रॅमेजचा वाटा होता. कॅल्गरीचा हिशेब चुकला असे मी म्हणणार नाही.

हार्टफर्डचे उदाहरण मात्र मन विषण्ण करते. ४ मार्च १९९१ ला त्यांनी रॉन फ्रान्सिस आणि उल्फ सॅम्युएल्सन पिट्सबर्गला देऊन टाकले. बदल्यात मुख्यतः जॉन कलन आणि झार्ली झालाप्स्की मिळाले. फ्रान्सिस हा त्या लहान शहराच्या गळ्यातला ताईत. पिट्सबर्गकडे दिग्गज सेंटर मारिओ लेम्यू होताच. फ्रान्सिसमुळे दुसऱ्या फळीचाही प्रश्न मिटला. त्या वर्षीचा निर्णायक सामना पिट्सबर्गने ८-० असा जिंकला, त्यातला पहिला गोल सॅम्युएल्सनचा. पुढच्या वर्षीचा कप ठरवणारा गोल फ्रान्सिसचा. हार्टफर्डने नंतर प्लेऑफची एकही फेरी जिंकली नाही आणि १९९७ मध्ये संघ गाव सोडून कॅरोलायनाला गेला. संघ गेला त्यामागे पैशाची आणि मैदानाची कारणे होती, पण फ्रान्सिस गेला त्या दिवशीच लोकांचे मन उडाले, असे सांगणारे जुने चाहते पुष्कळ आहेत.

१९९४ चे न्यूयॉर्क रेंजर्स हे धाडसाचे टोक. संघ गुणतक्त्यात अव्वल, तरी जनरल मॅनेजर नील स्मिथ यांनी २१ मार्चला संघाची उलथापालथ केली. टोनी अमाँटीला शिकागोला दिले आणि स्टेफान मॅटो व ब्रायन नूनन आणले. माइक गार्टनर देऊन ग्लेन अँडरसन. टॉड मर्शंट देऊन क्रेग मॅकटॅव्हिश. गुणवत्ता देऊन त्यांनी अनुभव आणि अंगमेहनत घेतली. मॅटोने न्यू जर्सीविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गोल केला. अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, ३-२ अशा आघाडीवर, शेवटच्या सेकंदांतला फेसऑफ (खेळ पुन्हा सुरू करताना पकसाठी होणारी दोघांची झटापट) मॅकटॅव्हिशने जिंकला. हेल्मेटविना खेळणारा तो लीगमधला शेवटचा खेळाडू. ५४ वर्षांचा दुष्काळ संपला. अमाँटीने मात्र पुढे तीन हंगामांत चाळीसहून अधिक गोल केले, ते शिकागोसाठी. आणि १९९७ नंतर रेंजर्सला सलग सात हंगाम प्लेऑफचे दर्शन झाले नाही. त्याचे खापर एकट्या त्या दिवसावर फोडता येणार नाही. न्यूयॉर्कच्या कोणत्याही चाहत्याला विचारा, तो कप परत द्यायला तयार होणार नाही.

इथवरचे खरेदीदार बहुधा पुढच्या काही वर्षांसाठी खेळाडू घेत. ते बदलले करारांच्या नियमांमुळे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९५ च्या कराराने तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना मुदत संपल्यावर कुठेही जाण्याची मोकळीक दिली. २००५ च्या कराराने हे वय टप्प्याटप्प्याने २७ पर्यंत खाली आणले. आता संघापुढे पेच असा, की उन्हाळ्यात हा फुकट जाणार असेल तर मार्चमध्येच विकून काहीतरी पदरात का पाडून घेऊ नये? त्यातून दोन-तीन महिन्यांपुरता घेतलेला खेळाडू ही जात जन्मली. तिथे त्याला ‘रेंटल’ म्हणतात, भाड्याने घेतलेला. काही सौदे मात्र मायेचेही होतात. बॉस्टनने मार्च २००० मध्ये दोन दशके सेवा दिलेल्या रे बोर्कला कोलोराडोकडे पाठवले, केवळ त्याच्या हाती एकदा कप यावा म्हणून. २००१ मध्ये तो आला. कर्णधार जो साकिकने प्रथेप्रमाणे स्वतः आधी न उचलता तो बोर्कच्या हाती दिला.

२००४-०५ चा अख्खा हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीत बुडाला आणि त्यातून सॅलरी कॅप आली : सुरुवातीला प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलरची पगारमर्यादा. डेडलाइनचे सगळे गणित इथे पालटले. श्रीमंत संघाने पैसे ओतून खेळाडू आणण्याचे दिवस गेले, कारण अडचण पैशाची नसून जागेची होती. पगार दिवसागणिक मोजला जातो. म्हणून ज्याने वर्षभर दहा लाखांची जागा रिकामी ठेवली, त्याला हंगाम पाव उरला असताना वार्षिक चाळीस लाखांचा खेळाडू परवडतो. काटकसरीला असे फळ मिळू लागले. २०१३ च्या कराराने आणखी एक वाट उघडली : विकणारा संघ खेळाडूच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा भार स्वतःकडे ठेवू शकतो.

या वाटेने टँपा बे जितके दूर गेले तितके क्वचितच कोणी गेले असेल. एप्रिल २०२१ मध्ये (साथीमुळे हंगाम लांबला होता) त्यांना कोलंबसचा बचावपटू डेव्हिड सॅवार्ड हवा होता. त्याचा कॅपवरचा भार ४२.५ लाख डॉलर. कोलंबसने निम्मा भार स्वतःकडे ठेवून त्याला डेट्रॉइटला दिले. डेट्रॉइटने उरलेल्यातला निम्मा ठेवून त्याला टँपाकडे पाठवले. टँपाच्या खात्यावर पडले सुमारे १०.६ लाख. या मधल्या मुक्कामाबद्दल डेट्रॉइटला चौथ्या फेरीची एक पिक मिळाली. कोलंबसला पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची. तीन महिन्यांनी, ७ जुलैला, मॉन्ट्रियलविरुद्ध १-० असा निर्णायक सामना झाला. त्यातला एकमेव गोल रॉस कोल्टनचा, आणि त्याला पास देणारा सॅवार्ड.

त्याहून शहाणपणाची खरेदी मला त्यांची आदल्या वर्षीची वाटते. २०१९ मध्ये टँपाने ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना ४-० असे गारद केले. जनरल मॅनेजर जुलियन ब्रिसब्वा यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कली गुडरो आणले. दोघांना मिळून कॅपची तीस लाखांहून कमी जागा लागली. दोघांचा करार आणखी एका हंगामाचा बाकी होता. किंमत जबर होती, प्रत्येकासाठी पहिल्या फेरीची पिक आणि कोलमनसाठी वर तरुण खेळाडू नोलन फूट, आणि तिसऱ्या फळीतल्या माणसांसाठी एवढे मोजले म्हणून भुवया उंचावल्या. यानी गोर्डसह त्या दोघांची फळी दोन कप खेळली, दोन्ही जिंकली.

ज्या कोलंबसने टँपाला हरवले त्यांचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे दोन बडे खेळाडू पानारिन आणि बॉब्रोव्स्की यांचे करार संपत आलेले, सगळे म्हणत होते विका. जनरल मॅनेजर यार्मो केकेलाइनन यांनी दोघांना ठेवले आणि वर मॅट डुशेन, रायन झिंगलही घेतले. क्लबच्या इतिहासातली पहिली प्लेऑफ फेरी जिंकली. उन्हाळ्यात चौघेही निघून गेले. उलट उदाहरण बॉस्टनचे. २०२३ मध्ये विक्रमी ६५ विजय मिळवताना त्यांनी पहिल्या फेरीच्या दोन पिक मोजून ऑर्लोव्ह, हॅथवे, बर्टुझी आणले आणि ३-१ अशी आघाडी असताना पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून हरले. दोन वर्षांनी, ७ मार्च २०२५ ला, त्याच बॉस्टनने आपला कर्णधार ब्रॅड मार्शँड फ्लोरिडाला दिला. जूनमध्ये फ्लोरिडाने कप राखला, अंतिम फेरीत मार्शँडचे सहा गोल.

त्या फ्लोरिडाला कॅपमध्ये जागा सापडली ती मॅथ्यू कचुक दीर्घ दुखापतीच्या यादीवर असल्यामुळे. ही जुनी तक्रार. असा खेळाडू बाहेर असेल तर त्याच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडता येत असे, आणि प्लेऑफमध्ये मर्यादाच नव्हती. २०२१ मध्ये टँपाचा निकिता कुचेरोव्ह साखळीत एकही सामना खेळला नाही, प्लेऑफच्या पहिल्या दिवशी परतला आणि गोल व गोलसाठीचे पास मिळून सर्वाधिक ३२ गुण मिळवले. शस्त्रक्रिया खरी होती, नियमही मोडला नव्हता. तरी इतर संघांना ते सलत राहिले.

२०२५-२६ पासून ही दोन्ही दारे आवळली गेली आहेत. प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या वीस जणांचा पगार कॅपच्या आत बसलाच पाहिजे. सॅवार्डसारखा पगार दोनदा अर्धा करायचा तर दोन सौद्यांमध्ये ७५ दिवस जावे लागतात, म्हणजे मार्चच्या एका दुपारी ते जमणे शक्य नाही. दुसरीकडे कॅप झपाट्याने वाढते आहे : २०२५-२६ साठी ९.५५ कोटी, २०२६-२७ साठी १०.४ कोटी डॉलर. जागा आता बऱ्याच संघांकडे असेल आणि चांगला खेळाडू विकण्याची सक्ती थोड्यांवर. डेट्रॉइटसारख्या मधल्या मुक्कामाचा भाव उतरेल, आणि कोलमन-गुडरोसारख्या, कमी पगाराच्या आणि करार शिल्लक असलेल्या, तिसऱ्या फळीतल्या खेळाडूचा भाव चढेल, असा माझा अंदाज आहे.