बसनिरीक्षण (मुंबई)

शहरातील सार्वजनिक बसगाड्या बारकाईने पाहून त्यांचे नोंदणी क्रमांक, बनावट (निर्माता व नमुना), आगार, मार्ग आणि सेवेतील बदल यांची तारखेसह नोंद ठेवण्याच्या छंदाला बसनिरीक्षण म्हणता येईल. ब्रिटनमध्ये हा छंद जुना असून बसवाहतुकीच्या अभ्यासासाठी तेथे १९२९ मध्ये ‘ओम्निबस सोसायटी’ स्थापन झाली. मुंबईत त्याचा मुख्य विषय म्हणजे शहराची बससेवा चालवणाऱ्या ‘बेस्ट’ उपक्रमाच्या लाल गाड्या. हा छंद जोपासणाऱ्यांना बसप्रेमी म्हणतात.

मुंबईतील पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, १९३७ मध्ये दुमजली गाड्या आल्या, ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली आणि १९६२ मध्ये सुरू झालेली ट्रॉलीबस (वरच्या तारांतून वीज घेणारी बस) १९७१ मध्ये थांबली. एवढी घडामोड ज्या शहरात झाली, तेथे नोंदींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

निरीक्षणाची सुरुवात मार्गक्रमांकापासून होते. ढोबळमानाने २०० पासूनचे क्रमांक पश्चिम उपनगरांतील, ३०० पासूनचे पूर्व उपनगरांतील, तर ४०० पासूनचे दोन्ही उपनगरांना जोडणाऱ्या मार्गांचे असतात. ५०० पासूनचे क्रमांक नवी मुंबईकडे जाणाऱ्या आणि ७०० पासूनचे मीरा-भाईंदरकडील गाड्यांना आढळतात. निवडक थांबे घेणाऱ्या गाडीवर ‘मर्यादित’ असा उल्लेख असतो आणि वातानुकूलित सेवेच्या क्रमांकाआधी ‘ए’ लागतो. गाडीच्या दर्शनी फलकावर क्रमांक व गंतव्यस्थान देवनागरीत, तर बाजूच्या फलकावर इंग्रजीत असल्यामुळे काळजीपूर्वक काम करणारा बसप्रेमी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतो.

मात्र मार्गक्रमांक गाडीची ओळख नव्हे. तीच गाडी सकाळी एका मार्गावर आणि संध्याकाळी दुसऱ्या मार्गावर दिसू शकते, कालांतराने तिचे आगारही बदलते. नोंदणी क्रमांक मात्र तिच्याबरोबर राहतो. त्यामुळे नोंदवहीत नोंदणी क्रमांक, तारीख, ठिकाण आणि मार्ग या गोष्टी प्रथम येतात व छायाचित्र त्यांच्या पाठोपाठ. सुंदर पण तारीख नसलेल्या छायाचित्रापेक्षा तारीख, ठिकाण आणि क्रमांक असलेले साधे छायाचित्र कितीतरी अधिक उपयोगी ठरते, कारण एखादी गाडी कोणत्या काळात कोठे धावत होती हे त्यावरूनच सिद्ध करता येते.

गेल्या काही वर्षांत हे काम अवघड झाले आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचेही. पूर्वी गाडी, चालक आणि वाहक हे तिन्ही उपक्रमाचेच असत. आता अनेक गाड्या भाडेतत्त्वावर असून त्यांची मालकी कंत्राटदाराकडे असते व चालकही त्याचाच असतो. एखादे कंत्राट संपले किंवा कंत्राटदाराने सेवा थांबवली, की एका बनावटीच्या गाड्या अल्पावधीत एकदम दिसेनाशा होतात. अशा वेळी कोणती बनावट कोणत्या आगारातून, कोणत्या मार्गांवर आणि कधीपर्यंत धावली, हे सलग नोंदी ठेवणाऱ्यालाच खात्रीने सांगता येते.

मुंबईच्या बसप्रेमींसाठी २०२३ हे वर्ष विशेष ठरले. फेब्रुवारीत वातानुकूलित विद्युत दुमजली गाडी ए-११५ मार्गावर सेवेत आली आणि १५ सप्टेंबर रोजी जुन्या डिझेल दुमजली गाड्यांनी निरोप घेतला; त्यांची अखेरची फेरी अंधेरीतील आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर झाली. बसप्रेमींनी ती गाडी सजवून तिला निरोप दिला. दुमजली गाडी संग्रहालयात जतन व्हावी, ही त्यांची मागणी रास्तच होती. क्रमांक आणि छायाचित्रे कितीही नेमकी असली, तरी मागचा जिना, आसनांची मांडणी आणि वरच्या मजल्याची उंची प्रत्यक्ष गाडीशिवाय समजत नाही. बेस्टच्या इतिहासाशी संबंधित वस्तूंचे संग्रहालय आणिक आगारात आहे.

निरीक्षणासाठी माहीम, वांद्रे, शीव, कुर्ला, हुतात्मा चौक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर सोयीचा आहे, कारण तेथे अनेक मार्ग एकत्र येतात. मुलुंड आणि बोरिवली येथे शेजारच्या शहरांच्या परिवहन सेवांच्या गाड्याही दिसतात. छायाचित्रण पदपथावरून किंवा पादचारी पुलावरून करावे, आगारात पूर्वपरवानगीशिवाय शिरू नये, आणि चालक-वाहकांचे चेहरे त्यांच्या संमतीविना टिपू नयेत.