एकादशीचा उपवास

चांद्र महिन्याच्या शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांतील अकराव्या तिथीला करावयाचे विष्णुव्रत. वर्षाला अशा चोवीस एकादश्या येतात आणि अधिक महिना असला की सव्वीस. त्यांपैकी आषाढ शुद्ध (शयनी) आणि कार्तिक शुद्ध (प्रबोधिनी) या दोन एकादश्यांच्या मधला काळ म्हणजे चातुर्मास होय. महाराष्ट्रात बाकी कोणताही उपवास न करणारी घरेसुद्धा आषाढीचा उपवास सहसा मोडत नाहीत. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणारा पंढरीच्या वारीबरोबर दर पंधरवड्याच्या एकादशीचेही व्रत घेतो, आणि ते जन्मभर पाळले जाते.

व्रत एका दिवसाचे दिसत असले तरी त्याचा विधी तीन दिवसांचा आहे. दशमीला एकभुक्त (एकदाच जेवून) राहावे, एकादशीला उपोषण करून रात्री हरिकीर्तनात जागरण करावे आणि द्वादशीला पारणे करावे, असा तो क्रम आहे. पंचांगात कधी कधी लागोपाठच्या दोन दिवसांवर ‘स्मार्त’ (वैष्णवेतरांची) आणि ‘भागवत’ (वैष्णवांची) अशा दोन एकादश्या छापलेल्या असतात. पहाटे अरुणोदयाच्या वेळी दशमी उरली असेल, तर वैष्णव तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी उपवास करतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात.

उपवास किती कडक करावा, याबाबत धर्मशास्त्र आज समजले जाते त्यापेक्षा बरेच सैल आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा महाराष्ट्रात या बाबतीत प्रमाण मानला जातो. आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसासाठीच एकादशी सांगितलेली आहे. पूर्ण उपोषण ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्रातील वचने संकलित करणाऱ्या ग्रंथकारांनी, पायऱ्या घालून दिल्या आहेत : फक्त रात्री जेवणे, हविष्यान्न (यज्ञाला चालणारे साधे सात्त्विक अन्न) घेणे, भात वर्ज्य करणे, फळांवर राहणे, तीळ, दूध, पाणी अशा त्या चढत्या क्रमाच्या आहेत. ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे त्यांतली पायरी निवडावी, आणि खालची पायरी निवडली म्हणून कोणी व्रताबाहेर जात नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे एक जुने वचन सर्वत्र उद्धृत होते. त्या यादीत औषध स्पष्टपणे घातलेले आहे, हे उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी टाळणाऱ्या घराघरांतल्या थोरामोठ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. याउलट, दिवसा झोपणे, विडा चघळणे आणि वारंवार पाणी पिणे यांनी उपवास बाधतो, असेही सांगितले आहे. त्याच्या जोडीला क्षमा, सत्य, दया, दान, शौच, इंद्रियनिग्रह, संतोष हे सर्व व्रतांचे सामान्य धर्म म्हणून दिलेले आहेत. रागावून, चिडचिड करून केलेल्या उपवासाला तेव्हा शास्त्राचाही आधार नाही.

पारण्याचे महत्त्व भागवत पुराणाच्या नवव्या स्कंधातील अंबरीषाच्या कथेत दिसते. वर्षभराच्या व्रतानंतर राजा पारण्याला बसणार इतक्यात दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि भोजनाचे आमंत्रण स्वीकारून नदीवर स्नानाला गेले. ते ध्यानात रमले, इकडे द्वादशी संपत आली. अतिथीच्या आधी जेवणे हा अपराध, आणि द्वादशीत पारणे न करणे हाही दोषच. ब्राह्मणांशी विचार करून राजाने फक्त पाणी घेतले, कारण पाणी पिणे हे खाणे म्हणताही येते आणि न खाणे म्हणताही येते. दुर्वासांचा कोप झाला, पण सुदर्शन चक्र राजाच्या बाजूने उभे राहिले आणि शेवटी ऋषींनाच राजाला शरण यावे लागले. या कथेत उपास करणे जितके कर्तव्य आहे तितकेच तो वेळेवर सोडणेही कर्तव्य आहे. निग्रहाच्या अभिमानात उपवास लांबवीत नेणाऱ्याचे कौतुक ती करीत नाही.

देहाकडे पाहण्याची हीच दृष्टी इतरत्रही आढळते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वती इतके कठोर तप करते की झाडावरून गळलेली पानेही खायची सोडते. बटूच्या वेषात आलेला शंकर तिला आधी समिधा मिळतात का, स्नानापुरते पाणी आहे का, असे विचारतो आणि मग आपल्या शक्तीप्रमाणेच तप करतेस ना, असा प्रश्न करतो. ‘शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्’ हे वचन त्याच प्रश्नाला जोडून येते. व्यायामशाळांच्या भिंतींवर ते आज एकटेच रंगवलेले दिसते, पण मुळात ते उपाशी राहणाऱ्या व्यक्तीला उद्देशून आहे. भगवद्गीतेनेही फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि सतराव्या अध्यायात दंभापोटी शरीराला कष्टवणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. या सहाव्या अध्यायावर १२९० मध्ये भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी आहार घ्यावा, पण तो युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा, असे सांगितले.

तुकारामांची भूमिका वरवर पाहता परस्परविरोधी वाटते. एकादशीला जेवणाऱ्यांवर त्यांनी अतिशय कठोर शब्दांत टीका केली आहे. देहाला दुःखाचे कोठार आणि रोगाचे भांडार म्हणणारे तुकाराम त्याच अभंगात पुढे शरीर उत्तम आहे, शरीरानेच परब्रह्म साधले, असे म्हणतात. दोन्ही विधाने एकत्र ठेवूनच वाचावी लागतात. देहाच्या मागण्यांना मान तुकवायची नाही आणि देहाला टाकूनही द्यायचे नाही. पंधरा दिवसांतून एकदा भुकेला थोडे थांबायला सांगण्याची सवय ही या दोहोंच्या मधली वाट आहे.

पंढरीच्या वारीत ही वाट प्रत्यक्ष चालताना दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. दिवे घाटाची चढण असलेला हा तीस किलोमीटरांच्या वरचा टप्पा वारकरी उपवासाने पार करतात. वाटेत केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आणि खिचडी वाटणारे जसे असतात, तसेच वारकऱ्यांचे पाय चेपून तेल लावणारे, फोडांवर मलमपट्टी करणारे आणि तुटलेल्या चपला शिवून देणारेही असतात. आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढला जातो आणि देव भक्तांसाठी रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. तीत देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात आणि श्रमपरिहारासाठी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. जागरणाने देवालाही शीण येतो आणि त्याचीही शुश्रूषा करावी लागते, असे मानणाऱ्या संप्रदायाने भक्ताच्या देहाला तुच्छ लेखणे शक्यच नव्हते.

आजचा फराळ मात्र वेगळ्या वाटेने आला आहे. शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो तो टॅपिओका ही सर्व पिके मूळची अमेरिकेतली आहेत आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच ती भारतात रुजली. वरई, म्हणजे विदर्भ-खानदेशातली भगर, हे खरे तर तृणधान्य. तरी ते उपासाला चालते. जिरे किंवा कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण यातूनच आली आहे. निराहार माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले निरीक्षण तुपात परतलेल्या खिचडीच्या ताटासमोर बसले की सहज पटते.

आरोग्याच्या बाजूने पाहता, आयुर्वेदात चरकाने आपल्या संहितेत लंघनाचे, म्हणजे शरीर हलके करणाऱ्या उपायांचे, दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी एक आहे, आणि व्यायामही त्याच यादीत आहे. त्याच संहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानलेले असल्याने लंघन हे प्रकृती आणि बल पाहूनच करायचे असते. पेशी स्वतःचेच जुने घटक मोडून पुन्हा वापरतात त्या स्वभक्षण प्रक्रियेच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून एकादशीला विज्ञानाने मान्यता दिल्याचे संदेश फिरत असतात; पण ते संशोधन यीस्टवरचे होते, एकादशीवरचे नव्हते, आणि श्रद्धेने केलेल्या व्रताला अशा उसन्या दाखल्याची गरजही नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असल्याने तो मधुमेह्यांची रक्तशर्करा झपाट्याने वाढवतो, तर इन्शुलिन किंवा शर्करा कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जुन्या, दमट भगरीत किंवा तिच्या पिठात बुरशी वाढून विषबाधा होते, म्हणून भगर निवडून, धुऊन आणि ताजी शिजवूनच खावी.

ज्याला आजारपणामुळे किंवा वयामुळे यांतले काहीच शक्य नाही, त्याच्यासाठीही शास्त्राने सोय ठेवली आहे : पती, पत्नी, मुलगा, भाऊ किंवा पुरोहित यांच्यापैकी कोणीही त्याच्या वतीने उपवास करू शकतो, आणि अशा प्रतिनिधीने केलेला उपवास मूळ व्रतकर्त्याच्या व्रतात धरला जातो.