पार्श्वभूमी : सत्तेतले सेवक-नेतृत्व

‘सेवक-नेतृत्व’ ही संज्ञा राजकारणातून आलेली नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीतून निवृत्त झालेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० सालच्या निबंधामुळे ती रूढ झाली. ज्यांची सेवा करायची ती माणसे अधिक शहाणी आणि अधिक स्वतंत्र होतात का, आणि सर्वांत वंचितांच्या वाट्याला काय येते, ही त्यांनी घालून दिलेली कसोटी. राज्यकर्त्याने स्वतःला सेवक म्हणवणे मात्र बरेच जुने आहे. अठराव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक स्वतःला राज्याचा पहिला सेवक म्हणवत असे. पण या सेवकाला जाब विचारण्याची वा घरी पाठवण्याची सोय प्रजेला नव्हती.

नेल्सन मंडेला यांनीही ११ फेब्रुवारी १९९० रोजी, २७ वर्षांच्या कारावासानंतर, केपटाऊनमधील भाषणात आपण जनतेचे नम्र सेवक म्हणून उभे आहोत, असे सांगितले. १९९४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि दुसऱ्यांदा निवडणूक लढवणे शक्य असूनही १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर पायउतार झाले.

टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे यांची परिस्थिती वेगळी होती, आणि मला त्यांचेच उदाहरण अधिक बोलके वाटते. देश नवा, गरीब, बहुतांश शेतीवर जगणारा. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १९६२ मध्ये, त्यांनी पंतप्रधानपद सोडले आणि पक्षबांधणीला वाहून घेतले. वर्षअखेरीस ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षाच्या १९६७ च्या धोरणपत्राने, म्हणजे अरुशा जाहीरनाम्याने, नेत्यांना कंपन्यांचे भागभांडवल बाळगण्यास, दोन पगार घेण्यास आणि घरे भाड्याने देण्यास मनाई केली. सत्तेतील माणसांवर इतके नेमके निर्बंध घालणारे नेते विरळाच. तरीही, विखुरलेल्या शेतकऱ्यांना शाळा, पाणी, दवाखाने एकत्रित मिळावेत म्हणून आखलेली ग्रामवसाहतींची योजना १९७३ नंतर सक्तीची झाली. लाखो कुटुंबांना हलवण्यात आले, काही ठिकाणी बळाचा वापर झाला, आणि अनेकांची घरे व पिके मागे राहिली. साक्षरता वाढली होती, न्येरेरे यांचे राहणे साधेच होते. पण ग्रीनलीफ यांच्या कसोटीतील स्वातंत्र्याचा भाग इथे पूर्ण झाला नाही.

१९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. पुढे, आपल्याच कारकिर्दीत १९६५ मध्ये कायद्याने आलेल्या एकपक्षीय पद्धतीचा फेरविचार व्हावा, असे त्यांनी उघडपणे मांडले, आणि १९९२ मध्ये टांझानियात बहुपक्षीय राजकारणाला कायदेशीर मान्यता मिळाली.